दोन बोटांची फट

मी ओळंबा बोलतोय. गवंड्याचा, पितळेचा, वर लाकडी गट्टू, मधे दोरी. मला भिंतीशी धरलं की खोटं बोलता येत नाही, एवढाच माझा गुण. त्यापायी कौतुक कमी आणि शिव्याच जास्त खाल्ल्या.

अदाउतो गवंड्याने मला घेतलं तेव्हा तो बावीस वर्षांचा होता आणि ब्राझीलची नवी राजधानी ब्राझिलिया म्हणजे नुसती लाल धूळ होती. आम्ही दोघांनी तिथे भिंती उभ्या केल्या. मग त्या घरांत लोक राहायला आले आणि आम्ही तासाभराच्या अंतरावर, सेलांजिया नावाच्या वस्तीत बिऱ्हाड केलं. स्वतः बांधलेलं शहर डोळे भरून बघायचं राहूनच गेलं. अदाउतो मात्र साठ वर्षं सांगत राहिला, "जिन्याजवळची माझी भिंत अजून केसभर हलली नसेल."

"लोकांच्या भिंती सरळ," त्याची बायको झुल्मिरा म्हणायची, "आणि माझ्या स्वयंपाकघराची तेवढी वाकडी."

यंदा मोतीबिंदूने त्याची नजर बरीच गेली. उरलीसुरली जायच्या आत राजधानी बघू, म्हणून एका सकाळी दोघं निघाली. त्याने मला खिशात घातलं, तेव्हाच मी ओळखलं की फिरणं हे निमित्त आहे.

बस अड्ड्यावर गरम पेस्तेल, म्हणजे तळलेल्या तिखट करंज्या, आणि उसाचा रस झाला. कॅथेड्रलमध्ये झुल्मिरा रंगीत काचांकडे मान दुखेपर्यंत बघत बसली. पुढे सरकारी कचेऱ्यांची रांग, सगळ्या एकसारख्या. "इथे नवरा हरवला तर शोधायचा कसा?" ती म्हणाली. "नको शोधूस, सुटशील," अदाउतो म्हणाला. दिवस मजेत चालला होता.

दुपारी आम्ही बांधलेल्या वसाहतीत पोचलो. इमारत खांबांवर उभी, खालून कोणीही जावं-यावं. अदाउतोला नीट दिसेना, म्हणून गट्टू झुल्मिराने जिन्याजवळच्या भिंतीला धरला. मी खाली सुटलो, स्थिर झालो. भिंत सरळ असती तर तिला अलगद टेकलो असतो, पण टेकलो नाही.

"सरळ आहे की," झुल्मिरा म्हणाली. जन्मभर टोमणे मारणारी बाई चक्क खोटं बोलली.

अदाउतोने चाचपून पाहिलं. माझ्यामागे त्याची दोन बोटं आत गेली. तो पायरीवर बसला. त्या दिवशी पहिल्यांदाच मला माझ्या खरेपणाची लाज वाटली.

वॉचमनने पाणी आणून दिलं. "काका, कुठली इमारत शोधताय?"

"शाळेसमोरची. शाळेचा पाया आमच्यासमोर खणला."

"मग ती पलीकडची. सगळ्या सारख्याच हो. पहिल्या दिवशी मी भलत्याच इमारतीचा जिना झाडून आलो होतो."

पलीकडच्या भिंतीला मी अलगद टेकलो.  या वेळी झुल्मिराने नवऱ्याचं बोट धरून माझ्यापाशी नेलं. बोट आत गेलं नाही. अदाउतोने डोळे पुसले आणि म्हणाला, "चल, भूक लागली."

आता त्याने मला घरी, स्वयंपाकघराच्या भिंतीवर टांगलंय. इथे चांगली दोन बोटांची फट पडते, तरी माझं खरं आता कोणाला बोचत नाही. झुल्मिरा येता-जाता मला झोका देते, पण भिंतीबद्दल त्या दिवसापासून तिने चकार शब्द काढलेला नाही. माझी एकच विनंती आहे: ही भिंत आता कोणी सरळ करू नका.