वाळूचं पोतं हलत नाही

काटा शून्यावर

मित्रांनो, मी एक जुनी मोटरसायकल आहे. माझ्या वयाच्या बहुतेक गाड्या भंगारात गेल्या, काही काचेमागे शोभेला जाऊन बसल्या. मी जिन्याखाली उभी होते. एकोणीस वर्षं. अंगावर ताडपत्री, आणि पोटात एक गोष्ट, जी माझ्याशिवाय कुणालाच नक्की माहीत नव्हती.

ती सरळ सांगायला हवी, पण सरळ चालणं हीच माझी अडचण होती. म्हणून मी माझ्या काट्याप्रमाणे सांगणार आहे. काटा वर जाईल, घाबरून खाली येईल, परत वर जाईल. तुम्ही मागच्या सीटवर बसा आणि घट्ट धरा.

ताशी चाळीस

मला ज्या कारखान्यात जोडलं तिथे एक म्हातारा फिटर होता. मागचं चाक ज्या दोन लोखंडी बाहूंमध्ये असतं, त्याला गॅरेजात चिमटा म्हणतात. तो चिमटा जिथे माझ्या सांगाड्याला जोडलेला आहे, तिथे फिटरने ग्रीसगन लावली, दोनदा दाबली आणि शेजारच्याला म्हणाला, "हिच्या टाकीवरून सगळे हात फिरवतील. इथे खाली वाकून कोण बघणार आहे?"

तेव्हा मला त्याची गंमत वाटली होती.

माझे मालक दुकानांच्या पाट्या रंगवायचे. माझ्या एका बाजूला रंगाचे डबे लटकत, दुसऱ्या बाजूला घडीची शिडी, आणि मागच्या सीटवर त्यांची मुलगी, हातात ब्रशांची जुडी धरून. ती एवढीशी होती, म्हणून ते तिला मुंगी म्हणत. मुंगी मागे बसली की मला वजनच कळायचं नाही. कळायचे ते तिचे गुडघे. वळण आलं की ते सीटला घट्ट दाबले जात.

मुंगी अकरा वर्षांची असताना बाबांनी मला नव्याने रंगवायला काढलं. टाकी त्यांनी स्वतः केली. काळा रंग तीन हात, वर केसाएवढी सोनेरी रेघ. खालचा सांगाडा कुणाला दिसत नाही, म्हणून तो मुंगीच्या वाट्याला आला. ती पोटावर झोपून, जीभ बाहेर काढून रंगवत होती.

"बाबा, इथे एक बोंडासारखं काहीतरी आहे. हेपण रंगवू?"

बाबांनी मान वर न करता सांगितलं, "सगळं रंगव. पेंटरच्या गाडीवर एक जागा सुटलेली दिसली तर लोक काय म्हणतील?"

मुंगीने ते बोंड रंगवलं. छान रंगवलं. एकदा नाही, तीनदा.

मग चौकातले लोक मला बघायला यायचे. चहा पिता पिता माझ्या टाकीत तोंड बघून भांग पाडायचे. खोटं कशाला सांगू, मला ते आवडायचं.

ताशी सत्तर

चारेक वर्षांनी माझ्या मागच्या अंगात काहीतरी सैल वाटू लागलं. सत्तरच्या पुढे गेलं की शेपटाकडून एक हेलकावा उठायचा आणि हँडलपर्यंत यायचा. मला बोलता येत नाही. मला फक्त डुलता येत होतं, म्हणून मी डुलून सांगितलं.

बाबा मला आमच्या मिस्त्रींकडे घेऊन गेले. मिस्त्रींचा हात चांगला होता, पण वाकायचा त्यांना कंटाळा. त्यांनी ग्रीसगन घेऊन चिमट्यापाशी बोट फिरवलं. "याला ग्रीस आत सोडायचं निप्पलच दिसत नाही. नसेल या मॉडेलला," असं पुटपुटले आणि उठले.

माझ्या हँडलच्या मधोमध एक गोल मूठ आहे. ती आवळली की हँडल जड होतं. मिस्त्रींनी ती दोन वेढे आवळली. "आता डुलून दाखव म्हणावं."

मी थोडी कमी डुलले. सगळ्यांना वाटलं, बरी झाले. मित्रांनो, मी बरी झाले नव्हते. माझा आवाज दाबला गेला होता.

ताशी नव्वद

इथे

नाही. अजून नाही जमत. एवढंच सांगते की आम्ही पडलो. मुंगी तेव्हा सोळा वर्षांची होती. तिच्या कोपराला टाके पडले. बाबांचा उजवा खांदा निखळला आणि नंतर तो हात कानाच्या वर कधी गेला नाही.

दुकानांच्या पाट्या कानाच्या वरच असतात.

ताशी पन्नास

मिस्त्रींनी माझं पुढचं चाक बदललं, वाकलेले दांडे सरळ केले आणि मला बाजाराच्या रस्त्यावर फिरवून आणलं. तिथे पन्नासच्या वर जाता येतं कुठे? परत येऊन ते म्हणाले, "गाडी ठणठणीत आहे. गाडीत काही दोष नाही."

माझा आजार सत्तरच्या पुढे राहायचा आणि तपासणी पन्नासच्या आत झाली.

गाडीत दोष नाही, चालवणाऱ्याचा हात वीस वर्षांचा मुरलेला. मग उरलं कोण? जिन्याखाली उभ्या उभ्या मला घरातलं सगळं ऐकू यायचं. उजवा हात गळ्यात बांधलेला, जेवण डाव्या हाताने चाललेलं, आणि बाबा म्हणाले, "मुंगी, तू मागे हललीस."

"नाही हो बाबा."

"हललीस. एरवी गाडी पडते का?"

त्यानंतर ते तिला मुंगी म्हणाले नाहीत. "अगं" म्हणायचे, किंवा तिच्या आईकडे बघून बोलायचे. पाहुणे आले की गोष्ट पुन्हा निघायची. आत्या हसून म्हणायची, "हिला मागे बसवताना आधी बांधून ठेवा बाई!" मुंगीसुद्धा हसायची. मग चपला घालून खाली यायची, माझ्याजवळ थोडा वेळ उभी राहायची, आणि तशीच वर जायची. माझ्यावर ती परत बसली नाही. पुढे ती नोकरीसाठी दुसऱ्या गावी गेली.

मी साक्षीदार होते. माझ्या सीटला माहीत होतं. पण मला विचारणार कोण, आणि मी सांगणार कशी?

पुन्हा शून्य

ताडपत्री. टायरमधली हवा गेली. टाकीत कुणी तोंड बघेना. बाबा महिन्यातून एकदा येऊन डाव्या हाताने माझी टाकी पुसायचे. फक्त टाकी.

मला जिन्याखाली उभं केल्याला एकोणीस वर्षं झाली, तेव्हा मुंगी आली. आता ती उंच इमारतींच्या लिफ्ट दुरुस्त करते. कुठली थरथर कुठून येते, हे शोधणं हेच तिचं काम. बाबांनी मला एका शाळामास्तरांना द्यायचं ठरवलं होतं. रविवारी ते न्यायला येणार होते. त्यांनाही एक लहान मुलगी होती.

"त्यांना सांगितलंत का, ही डुलते म्हणून?" मुंगीने विचारलं.

"गाडी डुलत नाही."

"मग काय, त्यांची मुलगी हलेल?"

बाबा पेपर वाचू लागले. मुंगीने माझ्यावरची ताडपत्री ओढून काढली. रविवारला आठ दिवस होते.

ताशी ऐंशी

तिने टायर-ट्यूब नवीन घातले, इंजिन सुरू केलं. मग एक वही काढली. एका वेळी एकच गोष्ट तपासायची, हा तिचा नियम. दोन्ही चाकं एका रेषेत आहेत का, हे तिने सुतळी ताणून पाहिलं. आहेत. प्रत्येक स्पोकवर पाना वाजवून आवाज ऐकला. सगळे एका सुरात. हँडलच्या आतले बेअरिंगचे छर्रे काढून पुसून पुन्हा बसवले. आणि ती गोल मूठ पूर्ण सैल सोडली. एकोणीस वर्षांनी मला मोकळेपणी बोलायची परवानगी मिळाली.

प्रत्येक तपासणीनंतर ती मला गावाबाहेरच्या लांब सरळ रस्त्यावर नेई. मागे कुणी नसताना मी नुसती शहारायचे. तेव्हा तिने बांधकामावरून एक पोतं आणलं. त्यात वाळू भरली, तराजूवर ठेवून ती सोळाव्या वर्षी जेवढी होती तेवढ्याच वजनाचं केलं, आणि मागच्या सीटवर दोऱ्यांनी आवळून बांधलं.

पंचाहत्तरला हेलकावा उठला. ऐंशीला हँडल तिच्या हातात डावी-उजवी आपटू लागलं. तिने ब्रेकला हात लावला नाही, हळूच वेग सोडला. रस्त्याकडेला थांबून तिने वहीत आकडा लिहिला.

घरी आल्यावर तिने बाबांना खाली बोलावलं. "बाबा, डुलली. मागे पोतं होतं. पोतं हललं नाही."

बाबांनी पोत्याभोवती एक चक्कर मारली. गाठी ओढून पाहिल्या.

"नीट बांधलं नसशील," ते म्हणाले.

पुन्हा एकदा शून्य

मला वाटलं, आता ती ताडपत्री घालून निघून जाईल. तिचा चेहरा तसाच झाला होता. पण तिने मला मधल्या स्टँडवर चढवलं. मागचं चाक अधांतरी झालं.

"इकडे या. वाका. डाव्या हाताने धरा. चाक नको, चिमटाच धरा. आता तुमच्याकडे ओढा, आणि ढकला."

बाबांनी ओढलं, ढकललं.

टक.

त्यांनी पुन्हा ढकललं. टक. चिमटा ज्यांवर फिरतो ते आतले बुश, म्हणजे धातूच्या आखूड नळ्या, झिजून भोक मोठं झालं होतं, आणि माझं आख्खं मागचं अंग त्यात खुळखुळत होतं. तो आवाज मी किती वर्षं करत होते. पहिल्यांदा कुणीतरी तिथपर्यंत वाकलं.

"याला ग्रीस कुठून जातं?" बाबांनी विचारलं. मुंगी बॅटरी घेऊन पोटावर झोपली, अकराव्या वर्षी झोपली होती तशीच. काळ्या रंगावरून तिचं बोट फिरत गेलं आणि एका बोंडापाशी थांबलं. तिने नखाने खरवडलं. रंगाचे तीन थर सुटले. खाली निप्पल होतं, आणि त्याचं भोक रंगाने बंद होतं.

ती उठली नाही. खालूनच तिचा आवाज आला.

"बाबा, हे मीच रंगवलंय."

मित्रांनो, त्या क्षणी मला माझीच लाज वाटली. ती न हलल्याचा पुरावा शोधायला आली होती, आणि तिच्या हाती तिचाच ब्रश लागला.

बाबा कसेबसे जमिनीवर बसले. मग आडवे झाले, दुखऱ्या खांद्यावरच, आणि माझ्या खाली तोंड घालून त्या बोंडाकडे बघत राहिले.

"ब्रश तुझा होता," ते म्हणाले. "सगळं रंगव असं मी म्हणालो होतो. मान वर न करता."

मुंगीचं नख अजून त्या बोंडावरच होतं.

"तू विचारलं होतंस," ते म्हणाले.

ताशी नव्वद

आता सांगते.

त्या दिवशी रस्ता रिकामा होता. बाबा खुशीत होते, मोठ्या पाटीचं काम मिळालं होतं. नव्वदला माझं शेपूट सुटलं. बाबा हँडलशी झुंजत होते, आणि मागे मुंगीचे गुडघे सीटला घट्ट दाबलेले होते. ब्रशांची जुडीसुद्धा तिने सोडली नव्हती. ती हलली नाही. शेवटपर्यंत नाही. हलले ती मी.

तिने लेथवर नवे बुश करून घेतले. जुना मेलेला रंग काढला, ग्रीसगन लावली आणि दोनदा दाबली. मग पोतं बांधून ती मला त्याच सरळ रस्त्यावर घेऊन गेली. बाबा रिक्षाने आले होते, मैलाच्या दगडावर बसले होते. ऐंशी. पंच्याऐंशी. नव्वद. माझ्या अंगात कुठेच हेलकावा नव्हता.

आम्ही परतल्यावर बाबांनी एका हाताने पोत्याच्या गाठी सोडल्या. खूप वेळ लागला, पण त्यांनी मुंगीला मदत करू दिली नाही. पोतं खाली उतरवलं आणि स्वतः मागे बसले.

"चल, मुंगी."

ती साठच्या वर गेली नाही. तिने मागे वळूनही पाहिलं नाही. पण माझ्या सीटला सगळं कळतं. बाबा हलत होते. आधी थोडे, मग हुंदक्यांबरोबर गदागदा, डावीकडे-उजवीकडे, जसं कुणी गाडीवर मुळीच हलू नये तसे.

मी सरळ चालत राहिले.

रविवारी मास्तर मला घेऊन गेले. त्याआधी बाबांनी डाव्या हातात सगळ्यात बारीक ब्रश धरला आणि त्या उघड्या बोंडाशेजारी एक बाण काढून दोन शब्द लिहिले: "इथे ग्रीस". अक्षरं वाकडी आली. त्यांनी ती पुसली नाहीत. त्यांच्या हातची ही शेवटची पाटी, आणि ती वाचायला वाकावं लागतं.

मित्रांनो, आता मी बरी आहे. मुंगी सुट्टीत बाबांकडे येते, असं मास्तर सांगतात. पण मधली एकोणीस वर्षं कुठल्याच ग्रीसगनने परत भरता येत नाहीत. म्हणून माझी एक विनंती आहे. तुमची एखादी वस्तू थरथरायला लागली, तर तिची मूठ आवळू नका, आणि मागे बसलेल्या माणसाकडे बोट दाखवू नका. आधी खाली वाका. तिथे जे दिसेल, त्यावर कदाचित तुमचाच रंग असेल.