घास बाबाचा

टक्. काचेवर चमचा वाजला, तशी कुकर उघडणारी रुपाली दचकली. बाहेरच्या खोलीत तिचा नवरा झोपला होता. कॉम्प्युटरच्या कामासाठी दोन महिने म्हणून इंग्लंडला गेलेला तेजस दीड वर्षाने, आज पहाटे, कात्रजच्या फ्लॅटवर पोचला होता. किती दिवसांसाठी आलाय, ते त्याने सांगितलं नव्हतं. तिनेही विचारलं नव्हतं.

"साई, झोपू दे गं त्यांना!"

तीन वर्षांची साई सोफ्यावर चढून, काचेवर चमचा वाजवून भिंतीवरच्या चित्राला उठवत होती. इंग्लंडातल्या प्लिमथ बंदराचं ते जुनं छापील चित्र तेजसनेच मित्राबरोबर धाडलेलं. शिडांची जहाजं, टेकडीवर चढत गेलेली घरं आणि धक्क्यावर तिळाएवढा एक टोपीवाला. एकदा साई काही केल्या जेवेना, तेव्हा रुपालीने त्या टोपीवाल्यावर बोट ठेवलं होतं. "तो बघ बाबा! हा घास चिऊचा, हा काऊचा, आणि हा बाबाचा." तेव्हापासून बाबाचा घास रोज आधी काचेला लागायचा आणि मग साईच्या तोंडात जायचा. काच कितीही पुसा, टोपीवाल्यावर तुपाचा डाग असायचाच.

"जेवली का भिंत?" सासूबाई विचारायच्या. "चिरंजीवांना तेवढंच घरचं मिळतंय म्हणायचं."

तेजस डोळे चोळत उठला. पानावर बसताना त्याचा पाय दारातल्या मोठ्या बॅगेला अडखळला.

"रिकामी करून माळ्यावर टाकते ना ती," रुपाली म्हणाली.

"राहू दे. असू दे खालीच."

रुपालीने वाढलेला वरणभात उगाच पुन्हा सारखा केला. मग साईला मांडीवर घेतलं. चिऊचा घास झाला, काऊचा झाला.

"आणि हा बाबाचा. आज खऱ्या बाबाला द्यायचा हं."

तेजसने हसत आ केला. साईने त्याच्याकडे नीट पाहिलं. दाढी पाहिली, चष्मा पाहिला. मग आईच्या हातातला चमचा ओढून घेतला, भात सांडत सोफ्यावर चढली आणि काचेला नाक लावलं. टोपीवाला जागच्या जागी होता.

"आहे," तिने सुटकेचा निःश्वास टाकला आणि त्याला घास भरवला.

तेजसचं तोंड हळूहळू मिटलं. "लहान आहे हो," रुपाली घाईघाईने म्हणाली. "होईल सवय, चार दिवसांत."

साई खाली उतरली. आईच्या गळ्यात हात टाकून, साऱ्या घराला ऐकू जाईल असं कुजबुजली,

"आई, हे काका परत कधी जाणार?"