थोडंसंच टाक

गाडीत पेट्रोल भरायचं तर माणूस एकदा टाकी फुल करतो आणि चार दिवस विसरतो. तिचा नवरा मात्र रोज भरायचा, तेही थोडंसंच. भाड्याची गाडी चालवणाऱ्याला रोज रांगेत उभं राहायची कसली हौस, तिला कळेना. शेजारणीने विचारलंच, तुमची गाडी पेट्रोल पिते की चहा? वर हळूच सांगितलं, की पंपावर शेवटच्या मशिनवर एक बाई असते, आणि रांग कितीही लांब असो, भावजी तिथेच लागतात.

झालं. दुसऱ्या दिवशी तिने ठेवणीतले कपडे काढले आणि बाजारात सोडा म्हणत पुढच्या सीटवर ठाण मांडलं.

गाडी गेली ती थेट शेवटच्या मशिनला. बाई निघाली हिच्याहून मोठी, उन्हाने रापलेली, टोपीखालचे केस पिकलेले. तरी हिचा जीव थंड होईना, कारण बाई खिडकीशी येताच नवऱ्याचा चेहरा खुलला. घरात हा चेहरा कुठे ठेवतो, कोण जाणे.

"आज पण थोडंसंच टाकू?" बाईने विचारलं.

"फुल करा," ही मध्येच म्हणाली. "परत यायला नको."

बाईने मशिनवरचं शून्य दाखवलं, नळी लावली आणि खिडकीत वाकली. "वहिनी ना? पाठ कशी आहे आता? आणि लेकीचा फोन आला का? ती लांब गेल्यापासून भाऊ फार झुरतात हो."

ही बघतच राहिली. लेक नोकरीसाठी गेल्यापासून हा माणूस घरात 'मीठ कमी आहे' याच्या पुढे गेला नव्हता. झुरतो म्हणे. दुसरं काही लफडं असतं तर निदान भांडता तरी आलं असतं.

नळीचा खटका पडला. टाकी भरली.

बरंच पुढे गेल्यावर तो म्हणाला, "बाजार मागे राहिला."

"राहू दे. चालवत राहा."

"कुठे जायचंय?"

"पेट्रोल संपेल तिथे. आणि त्या बाईला काय काय सांगितलंत, ते सगळं मला सांगा. पहिल्यापासून."

तो स्टीअरिंग धरून, समोर बघत, अडखळत बोलायला लागला. तिची नजर पेट्रोलच्या काट्यावर होती. काटा अजून बराच वर होता.