अडणा

माझ्या डीबगरला थांबता येत होतं, पुढं जाता येत नव्हतं. डीबगर म्हणजे दुसऱ्या प्रोग्रॅमला मध्येच थांबवून त्याच्या पोटात डोकावणारा प्रोग्रॅम. थांबायची जागा, म्हणजे ब्रेकपॉइंट, मी थेट प्रोसेसरलाच सांगून ठेवली होती. तो तिथं इमानदारीत थांबायचा. ‘पुढे’ दाबलं की पुन्हा तिथंच. चार दिवस माझं डोकं उठलं होतं. आज दुपारी चारला कंपनीतल्या श्रीशैल सरांना तो ऑनलाइन दाखवायचा होता आणि माझी नोकरी पक्की होणार की नाही, ते त्यावरच ठरणार होतं.

सकाळी आई म्हणाली, “पुनम, त्या डब्यात तोंड घालून बसू नको. शेळ्या सोडू लाग.”

शिरूर अनंतपाळला आमच्या गोठ्याच्या दारात एक आडवं लाकूड असतं, अडणा. आई एका वेळी एकच शेळी सोडते. ती दारातून जाताना तिचे खूर, कास, डोळे बघते, मग दुसरी. मला कुठला एवढा धीर? मी चिडूनच अडणा काढला आणि लगेच लावला. पुढं उभी असलेली पांढरी शेळी आतच. पुन्हा काढला, लावला. पांढरी जागची हलली नाही. मी तिच्यावर खेकसले.

“तिला कशाला बोलतीस?” आई म्हणाली. “अडणा काढलास, लावलास, अन् तिनं पाऊल कवा टाकायचं? ती भाईर पडली की मग लाव.”

मी अडणा हातात धरून उभीच राहिले. कोडमध्ये मी हाच गाढवपणा केला होता. ब्रेकपॉइंट काढत होते आणि प्रोसेसरनं एक पाऊल टाकायच्या आत परत लावत होते.

शेळ्या आईवर टाकून मी आत पळाले. ब्रेकपॉइंट काढायचा, प्रोसेसरला एकच सूचना चालवायला लावायची, ती झाल्याची खूण आली की ब्रेकपॉइंट परत लावायचा, मग मोकळं सोडायचं. ओळी त्याच होत्या, फक्त क्रम बदलला.

चारला सगळं नीट चाललं. सरांनी दोनदा पुन्हा दाखवायला लावलं. संध्याकाळी नोकरी पक्की झाल्याचं पत्र आलं.

शिकवणाऱ्या सगळ्यांचे मी आजवर आभार मानत आले, आईचे मानायचं कधी सुचलंच नव्हतं. आज मानले. कोडच्या त्या तुकड्याला, म्हणजे फंक्शनला, तिचं नाव दिलंय, ‘धुरपता’, हेही सांगितलं.

आई म्हणाली, “पांढरीचं द्यायचं की. उभी तर ती राहिली हुती.”