डाव्या हाताचं मीठ

"मीठ डावा हातले वाढजो, कुसुम. देवना निवद ऱ्हावो का मानूसनं ताट."

लग्न होऊन पांडेसऱ्याच्या मिलवस्तीतल्या खोलीत आले, त्याच दिवशी सासूबाईंनी हे सांगितलं होतं. त्या आता नाहीत. हात मात्र विसरला नाही. मीठ, लिंबू, चटणी डावीकडे, भाजी उजवीकडे, मध्ये भाकर.

यजमानांना झटका आला आणि आठवड्याने दवाखान्यातून घरी आणलं. डावा हात जरा जड, बाकी चालणं-बोलणं नीट. पहिल्याच घासाला म्हणाले, "अळणी शे."

"मीठ वाढलंय ना."

"कोठे?"

मला वाटलं, आजारी माणूस, चिडलाय. मग रोजच ते भाकर अर्धी टाकून उठायला लागले. डावीकडची अर्धी जशीच्या तशी, सुरीने कापावी तशी. देवीला निवद दाखवून, त्यांचं जेवण झाल्यावरच मी घास घेते, हा माझा रोजचा नेम. ताटातलं अन्न टाकायचं नाही, म्हणून ती अर्धी भाकर मी खात राहिले.

ते वाळत चालले होते. एकदा हळूच म्हणाले, "आते कामवर जात नही, म्हनीसन अर्धी भाकर का?"

तो टोमणा मनाला फार लागला. देवीपुढे बसून रडले.

बमरोलीहून आमची लेक सोनाली आली, तेव्हा कळलं. ताट उचलायला म्हणून तिने ते फिरवलं. उरलेली भाकर उजवीकडे आली, तसे ते दचकले. "ही कव्हय वाढी?" म्हणाले, आणि भुकेल्यासारखे खायला लागले. सोनालीने माझ्याकडे पाहिलं. इतके दिवस मी त्यांच्याच वाटचं जेवत होते.

दुसऱ्या दिवशी त्यांना दवाखान्यात नेलं. दाक्तरीणबाई गुजराती, बोलायला मायाळू. म्हणाल्या, "कुसुमबेन, यांचे डोळे चांगले आहेत. डोळे फक्त आणून देतात, बघतो तो मेंदू. डावीकडचं उजवा मेंदू बघतो, आणि झटका तिथेच बसलाय."

"मग त्यांना तिकडे काळं दिसतं का?"

"तुम्हाला तुमच्या पाठीमागे काळं दिसतं?"

मी विचार केला. काळं नाही दिसत. काहीच नाही दिसत.

"त्यांचं तसंच आहे. तिकडे काही आहे, हेच मेंदूला ठाऊक नाही. मान वळवायची सवय लावा. थोडं सुधारेल. सगळं परत येईलच, असं मी म्हणणार नाही. आणि आज समजावलेलं उद्या विसरतील, तेव्हा रागावू नका."

परतताना रिक्षा मिलवरून निघाली. मिलमध्ये साड्यांच्या कापडावरचे डाग शोधायचं त्यांचं काम. टाचणीच्या टोकाएवढा ठिपका त्यांच्या हातून सुटत नसे. मिलचा भोंगा झाला तेव्हा म्हणाले, "मंग डाव्या काठनं कापड आते कोन तपासस?"

त्या दिवशी मी मीठ उजवीकडे वाढलं. त्यांनी ते बघितलं, आणि हात आखडला.

"आईनी काय सांगेल शे? मीठ तठेच ठेव. मी वळसू."

"आणि नाही लक्षात आलं तर?"

"तू सांगू नको. कोनादेखत तं मुळीच नको. डावीकडे बस आनि बांगडी वाजाड. मी समजसू."

"वाजवीन," मी म्हटलं. देव्हाऱ्यात दिवा तेवत होता. त्याच्यासमोर बोलले, म्हणजे तोही नेमच झाला.

आज सोनाली आणि जावई महेशराव जेवायला आले होते. मी भाजी वाढत होते, उजव्या बाजूला. पहिला घास घेऊन यजमान थांबले.

"अळणी शे," म्हणाले. मग जावयाकडे बघून, "दखा, घरमा बसेल मानूसले मीठ बी मियत नही."

महेशरावांनी मान खाली घातली. सोनाली काहीतरी बोलायला गेली, मी तिला डोळ्यांनीच थांबवलं. मीठ होतं तिथेच होतं, भाकरीच्या डाव्या अंगाला, चिमूटभर, पांढरं. दुपारचं लख्ख ऊन ताटावर पडलं होतं.

मी भाजीचं पातेलं खाली ठेवलं, त्यांच्या पाठीमागून डावीकडे गेले, आणि बसता बसता हातातल्या काचेच्या बांगड्या जरा पुढे सारल्या.