रिकाम्या डब्याची खोटी साक्ष

मित्रांनो, मी तीन कप्प्यांचा एक जुना स्टीलचा डबा आहे. नायगावच्या शिवगंगाबाईंच्या रुखवतात मी आलो. झाकणावर त्यांचे नाव कोरलेले आहे. वीस वर्षे मी त्यांच्या नवऱ्याचे जेवण दुकानावर पोचवले. रेवणसिद्धअप्पा जेवून ढेकर देत आणि म्हणत, डबा लहान, पण बरकत मोठी. तेव्हापासून मला थोडी घमेंडच चढली.

मग त्यांची लेक दामिनी पदवीच्या शिक्षणासाठी नांदेडला गेली आणि मला नवी नोकरी मिळाली. आमच्याकडे शिकायला गेलेल्या लेकरांचा डबा एस.टी.ने जातो. शिवगंगाबाई पहाटे उठून धपाटे थापत. शेंगदाण्याची चटणी आणि घट्ट दही भरून त्या मला पहिल्या गाडीच्या कंडक्टरकडे, नागप्पाकडे देत. आठला मी नांदेडच्या स्टँडवर उतरायचो आणि संध्याकाळी रिकामा होऊन परत यायचो. पहिले वर्षभर दामिनी वेळेवर यायची. सोबत तिची खोलीतली मैत्रीण रुखसार असायची. दोघी बाकावर बसून माझा फडशा पाडत. किती छान दिवस होते ते!

दुसऱ्या वर्षी गाडे बिघडले. रात्री काय चालायचे ते मला ठाऊक नाही, मी तेव्हा नायगावात फळीवर असायचो. पण रुखसारच्या बोलण्यातून कळायचे की दामिनी तीन-तीन वाजेपर्यंत जागते, आधी पुस्तक, मग मोबाईल, आणि तो छातीवर ठेवूनच झोपते. आठला तिला जाग येईना. नागप्पा मला स्टँडजवळच्या चहाच्या टपरीवर ठेवून जाऊ लागला. ती चहा-खारीवर सकाळ काढायची आणि दुपारी दोनला मला न्यायला यायची. तोवर दही आंबलेले असे आणि तिची भूकही मेलेली असे. ती धपाटे गायीला घालायची, नळावर मला घासायची आणि संध्याकाळच्या गाडीत ठेवायची.

मी लखलखीत होऊन घरी जायचो. शिवगंगाबाई झाकण उघडून समाधानाने म्हणत, "जेवलं माझं लेकरू." दुसऱ्या दिवशी त्या एक धपाटा जास्त घालत. मला खरे सांगून टाकावेसे वाटायचे. पण मी पडलो डबा, मला कुठली वाचा?

रुखसारने एकदा नळावर दामिनीचा हात धरला. ती म्हणाली, "एक दिवस भरलेलाच जाऊ दे की. आईला कळंल तरी."

"कळलं तर अप्पा शिक्षण बंद करतील," दामिनी म्हणाली. "घरी बशिवतील मला. त्यापरीस रिकामा जाऊ दे."

सणाला ती घरी आली तेव्हा गालाची हाडे वर आली होती. जिना चढताना तिला धाप लागायची. अभ्यासाने वाळली, असे म्हणून शिवगंगाबाईंनी तिची दृष्ट काढली. खाण्याची शंका त्यांना आलीच नाही, कारण मी रोज रिकामा येत होतो.

तिसऱ्या वर्षाच्या परीक्षेचा पहिला पेपर होता. दामिनी साडेनऊला दचकून उठली आणि नुसत्या चहावर धावत सुटली. कॉलेजच्या तिसऱ्या मजल्याच्या जिन्यावर तिला भोवळ आली. ती खाली कोसळली आणि डोके पायरीवर आपटले.

रुखसारच्या फोननंतर शिवगंगाबाई मिळेल त्या गाडीने आल्या. स्टँडवरच्या टपरीवर मी त्यांना दिसलो आणि टपरीवाल्याने मला त्यांच्या हाती दिले. लेक शुद्धीवर आली की खाईल म्हणून त्या मला तसेच भरलेले दवाखान्यात घेऊन गेल्या. डॉक्टरांनी विचारले की मुलीच्या अंगात रक्तच नाही, ही उपाशी राहते का? बाईंना ते लागले. त्यांनी मला टेबलावर ठेवले.

"आजचा तेवढा ऱ्हायला, साहेब. रोज रिकामा येतो. माझ्या लेकीला उपाशी कसं म्हणता?"

रुखसारने मान खाली घालून सगळे सांगितले. शिवगंगाबाई माझ्याकडे बघत राहिल्या. मित्रांनो, त्या नजरेपेक्षा मला भंगारात घातले असते तर बरे झाले असते.

दामिनी वाचली. पण तिची नजर आता दहा मिनिटेही पुस्तकावर ठरत नाही. ओळी हलतात म्हणते. शिक्षण सुटले ते सुटलेच. ती नायगावातच असते. "जेवले" म्हणाली तरी आई उठून तिचे ताट बघते, आणि ती बघते आहे हे दामिनीला दिसते.

मित्रांनो, रात्री वेळेवर झोपा, सकाळी दोन घास खा, हे तुम्हाला सगळेच सांगतात. माझे मागणे वेगळे आहे. ज्या दिवशी खाल्ले नसेल, त्या दिवशी डबा भरलेलाच घरी पाठवा. आई चिडेल, रडेल, पहिल्या गाडीने तुमच्या दारात येऊन उभी राहील. तिला येऊ द्या.