मानेमागची आरशी, तळव्याखाली

मी आरशी बोलतेय. भिंतीवरचा मोठा आरसा नव्हे, त्याला शिष्टपणा फार. मी बशीएवढी, मुठीत धरायची. केस कापून झाले की न्हावी मला गिऱ्हाइकाच्या मानेमागे धरायचा आणि जन्मात स्वतःची मान न पाहिलेला माणूस "छान" म्हणायचा. काय छान ते देव जाणे. एकवीस वर्षं मी हेच केलं.

माझा मालक हाताचा पक्का. वस्तरा असा फिरवायचा की डुलकी लागलेलं गिऱ्हाईक जागं व्हायचं नाही. पण चालायला लागला की दोनशे पावलांवर त्याची पोटरी आवळायची. थांबला की सुटायची. लाजेपायी तो भांड्यांच्या दुकानांच्या काचांपुढे थांबायचा. शेजारचा शिंपी म्हणायचा, याला रोज कढया बघायच्या असतात. वय झालं म्हणत यानं चालणं कमी केलं आणि सिगरेटी वाढवल्या. शहाणाच!

मग अंगठ्याखाली कुरूप झालं. जगाची हजामत करतो, माझ्या पायाची मला जमत नाही का, असं म्हणत यानं नवं पातं लावून ते तासलं. रक्त फारसं आलं नाही. हा खूश, हात किती सफाईदार! अहो, पायापर्यंत रक्त धड पोचतच नव्हतं, तर येणार कुठून? पण ते तेव्हा कुणाला माहीत?

पाच आठवडे जखम भरेना. पाय गार पडायचा म्हणून हा तो कढत पाण्यात बुडवून बसायचा. शेवटी बायकोनं मोज्यावरचा डाग पाहिला. तिनं अर्धी दाढी झालेल्या गिऱ्हाइकाला शिंप्याच्या बाकावर बसवलं आणि नवऱ्याला दवाखान्यात नेलं. मी त्याच्या एप्रनच्या खिशातच होते.

सिस्टरनं आधी दंडाचं आणि मग घोट्याचं प्रेशर मोजलं. घोट्याचं निम्मंच भरलं. पायाच्या नसा आतून चिंचोळ्या झाल्यात, डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितलं. जखम खोल गेली तर अंगठा जाईल, कदाचित पाऊलही. उभ्यानं पोट भरणाऱ्या माणसाचं पाऊल!

"काका, तळवा रोज कोण बघतं?" सिस्टरनं विचारलं.

"स्वतःचा तळवा कुणाला दिसतो, सिस्टर?"

बायकोनं मला खिशातून काढून टेबलावर आपटलं. "ही एकवीस वर्षं लोकांना न दिसणारं दाखवतेय. तुम्हालाच नाही का दाखवणार?"

डॉक्टरांनी मांडीतून तार घालून नस उघडली. पुढचं काम मालकाचं होतं. खरं सांगते, डोक्यावरून पायाखाली आले म्हणून मला आधी रागच आला. पण त्या माणसानं मला जिंकलं. रोज सकाळी स्टुलावर बसून तो बोटांच्या बेचक्या अशा तपासायचा, जशी नवरदेवाची मान. सिगरेट सोडली तेव्हा महिनाभर शिंप्याशी भांडला, पण पुन्हा ओढली नाही. डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर पोटरी धरेपर्यंत चालायचा, थांबायचा, पुन्हा चालायचा. शिंप्याला तोंडावर सांगितलं, "नस अरुंद आहे म्हणून थांबतो. लाजू कशाला?"

एका सकाळी माझ्यात त्याला टाचेवर मसुराएवढा लाल डाग दिसला. दुखत मुळीच नव्हतं. नवा बूट चावला होता. पूर्वी यानं पातं काढलं असतं. आता बूट पिशवीत घातला, जुनी चप्पल चढवली आणि थेट सिस्टरपुढे जाऊन बसला.

चौथ्या महिन्यात जखम भरली. बायकोनं मला तिरकं धरून डोळे भरून पाहिलं. "अंगठा आहे जागेवर," म्हणाली. "चला, दुकान उघडा."

माझा पारा आता कडेनं उडालाय. चेहरा तुम्ही दिवसातून दहादा बघता; तळवा शेवटचा कधी पाहिलात? चालताना पोटरी धरत असेल तर वयाला बोल लावू नका, डॉक्टरांना दाखवा.

उद्या सकाळी आमचं पुन्हा बघणं आहेच. भरलेली जागा जास्तच बघावी लागते, असं मालक म्हणतो. म्हणतो आणि बघतोही.